जयपूरला नेलेला नवा तांदूळ

१ डिसेंबर १९४८, कर्जत

आज सकाळपासून एकच गोष्ट आठवते आहे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या आणि मी पडवीत मोड आलेले वाल सोलत बसले होते. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मला पियानो शिकवला होता, रुमालाच्या कडेला वेलबुट्टी काढायला शिकवली होती, पण वालाचं साल काढायला कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात कुंभिवलीची एक मुलगी पोह्यांची पाटी घेऊन आली. माझ्याच वयाची. तिने पाटी उतरवली, जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं नाय गं, बाय. ढुंगनाकडनं दाबायचं." तिने दाबून दाखवलं. दाणा सुटला तो थेट माझ्या कपाळावर. मग मी दाबला, तो तिच्या नाकावर. बिरडं राहिलं बाजूला. सासूबाई जाग्या होईपर्यंत आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून एकमेकींवर वाल उडवत होतो.

ती भागूबाई. आज ती आली तेव्हा दोघींच्या डोक्यावर एक काळा केस शोधून सापडला नसता.

ती निरोप घेऊन आली होती. जयपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरतं आहे, स्वराज्य मिळाल्यानंतरचं पहिलं. कर्जत आणि खालापूरच्या बायकांनी ठरवलं आहे की तिथल्या भटारखान्यासाठी आपल्या खाचरातला तांदूळ न्यायचा आणि वाढायलाही आपणच उभं राहायचं. बाजारातल्या पोपटशेठनी तांदूळ बाहेर न्यायचा परवाना आणि गाडीची व्यवस्था अंगावर घेतली आहे. आता बरोबर जाणारी अशी एक बाई हवी, जिला हिंदी येतं, इंग्रजी येतं आणि मागे मुलंबाळं नाहीत.

"म्हंजे तुमी," भागूबाई म्हणाली. मग जरा थांबून, "पन तुमी हल्ली लई दमता, बाई."

डॉक्टरांनी परवाच छातीला नळी लावली होती. झोपताना उशा किती घेता, असा काहीतरी विचित्र प्रश्न त्यांनी विचारला. मी म्हटलं, पूर्वी एक, हल्ली तीन. ते म्हणाले, आता जिने चढू नका आणि लांबचा प्रवास टाळा. पण तंबूला जिना नसतो. आणि प्रवासात गाडी चालते, मी बसून असते.

मी हो म्हटलं. हे असते तर त्यांनीच माझी ट्रंक माळ्यावरून काढली असती. स्वराज्यासाठी आपल्या हातून काहीच झालं नाही, असं हे शेवटपर्यंत म्हणत. त्यांच्या वतीने मी निदान भात वाढेन.

५ डिसेंबर, कुंभिवली

खोपोलीपर्यंत गाडीने आले. साजगावच्या बायकांचा तांदूळ तिथेच बैलगाडीत चढला, मग खालापूरवरून कुंभिवलीला. भागूबाईच्या अंगणात बायका सुपं भरून घेऊन बसल्या होत्या. हाताने कांडलेला नवा तांदूळ, अजून लालसर, आणि त्याचा तो वास. अंगण भरून गेलं होतं त्या वासाने.

पोपटशेठ आले होते. ते म्हणाले, "मावशी, माझ्या गोदामात दोन वर्षांचा जुना तांदूळ आहे. मोकळा शिजतो, दाण्याला दाणा लागत नाही. तो न्या, हा घरी ठेवा."

"दोन वर्साचा?" भागूबाई म्हणाली. "शेठ, तुमच्यात पाव्हन्याला शिळं वाढतात काय?"

सगळ्या बायका हसल्या. शेठही हसले आणि जुन्या तांदळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीसुद्धा हसले.

इकडे नवं पीक हाती आलं की पहिला भात देवापुढे, दुसरा पाहुण्याच्या पानात, आणि मग घरच्यांनी खायचं. याला नुसतं 'नवं' म्हणतात. यंदा देवाचं झालं आहे. पाहुणा राहिला आहे, आणि बायकांच्या मते यंदाचा पाहुणा म्हणजे सगळा देश. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं आहे की जयपूरला पानावर नवं पडल्याची खबर येईपर्यंत कोणाच्या घरात नव्याचा भात शिजायचा नाही.

भागूबाईचे यजमान भिवाजी ओट्यावरून म्हणाले, "आन खबर आलीच नाय तर? जल्मभर नाचनी खावी काय आमी?"

"खावा. नाचनीनं कोन मेलाय?"

"मी मरन. मग ये तुजा देश माजं तेरावं जेवाया."

हे चाललं असताना डोंगराकडच्या ठाकूरवाडीतून ठमी आली. पळसाच्या पानांत बांधलेला तिचा तांदूळ पोत्यात ओतून झाला तरी ती जागची हलेना.

"आता काय गं?" भागूबाईने विचारलं.

"मी पन येनार."

"कशाला?"

"माजा तांदूळ कुटं जातो, बगाया."

ती येणार आहे.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट आम्हाला सांगत, निजण्यापूर्वी दिवसातली अशी एक गोष्ट आठवा जिच्याबद्दल आभार मानावेत. आज मला निवड करणं कठीण आहे. जाताना प्रत्येक बाई माझ्या हाताला हात लावून गेली, जणू तो तांदूळ तिने माझ्याच ओटीत घातला होता. एवढा विश्वास मी काय करून मिळवला ते मला कळत नाही.

१२ डिसेंबर, गाडीत

अहमदाबादला गाडी बदलली. आता छोट्या रुळांवरची गाडी. पोती ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या, डब्यात आहेत. प्रत्येक मोठ्या स्टेशनात भागूबाई उतरून ती जागेवर आहेत का पाहून येते. ठमी खिडकी सोडत नाही. सकाळपासून डोंगर दिसला नाही म्हणून ती काळजीत आहे. "आडोसा नाय, कायच नाय. ही मानसं लपतात कुटं?" तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना लपावं लागत नसेल. ती म्हणाली, "सगल्यास्नीच लागतं."

माझे पाय सुजले आहेत. बसून बसून होतंच असं. भागूबाईने ते मांडीवर घेतले आणि रगडत बसली. समोरच्या बाकावरची मारवाडी बाई मला म्हणाली, तुमची बहीण फार प्रेमळ आहे. मी हो म्हटलं.

१४ डिसेंबर, जयपूर

थंडी अशी की सकाळी बोटं वाकत नाहीत. तंबूंचं एक अख्खं शहर उभं केलं आहे, रस्ते आखलेले, विजेचे दिवे, बायकांचा तळ वेगळा. आम्हाला दंडावर बांधायला पट्ट्या मिळाल्या. ठमीने आपली उलटी बांधली आणि कोणी सांगितलं तरी सरळ करत नाही. आपल्याला आतली बाजू आवडते म्हणते.

भटारखाना पाहिला. एवढ्या मोठ्या कढया मी कधी पाहिल्या नव्हत्या. मुख्य आचारी इथलेच, त्यांना सगळे महाराज म्हणतात. जाडजूड, घाईत असलेला, मनाने चांगला माणूस. त्यांनी पोत्यातला तांदूळ मुठीत घेतला, दाणा पाहिला आणि म्हणाले, "बढ़िया है, मांजी. परसों आपका चावल चढ़ाएँगे." भागूबाईला मी अर्थ सांगितला. तिने पदर सारखा केला आणि महाराजांना वाकून नमस्कार केला. ते लाजले.

मी दिवसभर इंग्रजीत आणि हिंदीत माणसांना वाट सांगत होते. नळ कुठे, टपाल कुठे, मद्रासचे तंबू कुठे. इंग्रजी येतं याची स्वराज्यात मला थोडी लाज वाटायला लागली होती. आज वाटली नाही. संध्याकाळी जरा दम लागला. इथली हवा कोरडी आहे.

१६ डिसेंबर

आज आमचा दिवस होता.

आम्ही तिघी पहाटे अंघोळी करून भटारखान्यात गेलो. महाराजांनी आपल्या नेहमीच्या अंदाजाने आधण ठेवलं, तांदूळ वैरला आणि झाकण घातलं. नवा तांदूळ पाणी कमी पितो. जुन्याला लागतं तेवढं त्याला घातलं की त्याचा चिखल होतो. हे मला ठाऊक आहे, भागूबाईला तर ठाऊक आहेच. पण महाराजांना सांगायचं तिला सुचलं नाही, मला सुचलं नाही. आमच्याकडे डिसेंबरातला तांदूळ नवाच असणार, हे शेंबड्या पोराला कळतं. इथे मेजवानीला जुनाच तांदूळ काढतात, हे इथल्या शेंबड्या पोराला कळत असेल.

झाकण काढलं. महाराजांनी झारा घातला तो उभाच राहिला.

"ये भात है कि लेई?"

लेई म्हणजे चिकटवायची खळ. अर्थ मी भागूबाईला सांगितला नाही. त्यांच्या तोंडावरून तिला तो कळला.

बाहेर पंगती बसत होत्या. महाराजांनी कढया मागे ओढायला लावल्या आणि पुऱ्या तळायला घेतल्या. मी त्यांना म्हटलं, उरलेली पोती आम्हाला द्या, आम्ही स्वतः शिजवतो. ते चिडले नाहीत, पण थांबलेही नाहीत. "मांजी, आप के घर का चूल्हा नहीं है ये. पूरा मुल्क बैठा है बाहर. बोरियाँ वापस ले जाना."

पंगतीत आम्ही पुऱ्या वाढल्या. भागूबाईने मान वर केली नाही. पुढे सरकताना एकदाच म्हणाली, "बाई, तिकडं चुली थांबल्यात."

तेवढंच. पण माझ्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहिलं. साजगाव, कुंभिवली, ठाकूरवाडी. भिवाजी चेष्टा करत होता, पण तोही नाचणीच खात असणार. आणि आम्ही परत जाऊन काय सांगणार? खोटं सांगावं म्हटलं तर तेही जमणार नाही. ठमी बरोबर आहे म्हणून नव्हे, तर भागूबाईला खोटं बोलता येत नाही म्हणून.

आज आभार कशाचे मानू? कोणी रागावलं नाही, याचे.

१७ डिसेंबर

सकाळी मंडप सजवणारे स्वयंसेवक बादल्या घेऊन भटारखान्यात आले. कागदी पताका चिकटवायला खळ हवी होती. कोणीतरी त्यांना आमच्या कढया दाखवल्या.

भागूबाई तिथेच भांडी घासत होती. तिने हात पुसले आणि स्वतः उठून बादल्या भरून दिल्या. "न्या, बाबांनो. पोटात नाय तर डोक्यावर तरी ऱ्हाईल."

दुपारपर्यंत सगळ्या रस्त्यांवर पताका लागल्या. ठमी त्यांच्याखालून चालत होती आणि बोट दाखवत होती, "ती माजी. ती पन माजी. ती साजगावची, बग कशी वाकडी हाय." मला हसू आलं. भागूबाईलाही आलं, पण अर्ध्यातच तिने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. इतक्या वर्षांत मी तिला फक्त माणूस गेल्यावर रडताना पाहिलं आहे. आज पहिल्यांदा असं पाहिलं.

आमचा तांदूळ आम्हाला शिजवू द्यावा म्हणून मी व्यवस्थापकांच्या तंबूत तीनदा जाऊन आले. इंग्रजीत बोलले, हिंदीत बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा परतताना वाटेत जरा बसावं लागलं. आता झोपते.

१८ डिसेंबर, इस्पितळाचा तंबू

हे खाटेवर बसून लिहिते आहे. काल रात्री निजण्याआधी पाण्याच्या नळापाशी मला घेरी आली, आणि डोळे उघडले तेव्हा इथे होते. थंडी बाधली असावी. डॉक्टरीणबाई गुजराती आहेत, तरुण आणि अतिशय सौम्य. त्यांनी कितीतरी वेळ माझ्या छातीला कान दिला. मग घरी कोण कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. म्हणजे भागूबाई आहे. एवढ्या गर्दीत त्यांना माझ्याशी घरगुती बोलायला वेळ मिळाला याचं मला कौतुक वाटलं. नंतर त्या भागूबाईला बाहेर घेऊन गेल्या. पथ्याचं सांगत असतील. आत आल्यापासून भागूबाई मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. खेड्यातल्या बायकांना आजाराचा फार बाऊ करायची सवय असते.

पण तिच्या पथ्यातूनच आजची गोष्ट घडली.

पुरी मला गिळवेना. तेव्हा भागूबाईने तंबूमागे तीन दगड मांडले, आमच्या पोत्यातला मूठभर तांदूळ आणला आणि माझ्यासाठी मीठ घालून पेज केली. दाट, लालसर. वाटी तोंडाशी नेली आणि मला वाटलं, मी कर्जतला माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे.

शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बंगाली बाई आहेत. त्यांना सगळे मासीमा म्हणतात. तळणाने पोट बिघडून दोन दिवस नुसत्या पडून होत्या. त्या एकदम उठून बसल्या आणि हवेत वास घेऊ लागल्या. मग मला इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत विचारलं, "हा तांदूळ नवा आहे का?"

मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. भागूबाईने दुसरी वाटी भरली. मासीमांनी आधी एक कण जमिनीवर ठेवला. त्यांच्याकडे नवं देवाला देतात, मग कावळ्याला, आणि मग माणसाने खायचं, असं त्यांनी सांगितलं. इथे कावळा नव्हता म्हणून जमिनीला दिलं. मी हे भागूबाईला मराठीत सांगितलं, तेव्हा ती खाटेच्या कडेला बसलीच.

"इचारा त्यांना," ती म्हणाली, "यंदा घरी नवं केलं का?"

मी विचारलं. मासीमा हळूहळू जेवत होत्या आणि हळूहळू सांगत होत्या. पाच वर्षांपूर्वी दुष्काळात त्यांच्या गावात नवं करायला माणसंच उरली नव्हती. त्यानंतर दोनदा केलं. मागल्या वर्षी गाव सरहद्दीच्या पलीकडे गेलं आणि त्या इकडे आल्या. यंदा भाचीच्या घरी कलकत्त्याला रेशनचा तांदूळ खातात. तो कुठला, कधीचा, कोणाला ठाऊक.

भागूबाईने त्यांची वाटी पुन्हा भरली. मासीमांनी तिच्या मनगटाला धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

१९ डिसेंबर

काल संध्याकाळी मासीमांची भाची त्यांना पाहायला आली होती आणि पेज खाऊन गेली. आज सकाळी ती आणखी चौघींना घेऊन आली. त्या चौघींनी आपापल्या तंबूत सांगितलं. दुपारी पाहते तर इस्पितळाच्या मागे रांग. बंगालचे, ओरिसाचे, आसामचे, मद्रासकडचे, मलबारचे. ज्यांना भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही अशी ती सगळी माणसं, इतके दिवस पुऱ्यांवर काढून कंटाळलेली. हातात पत्रावळ, द्रोण, एकाच्या हातात तर दाढीचा मग.

माझी खाट उचलून दाराशी ठेवली. तिथून मी इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होते. तीन दगडांचे सहा झाले. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "ये अस्पताल है!" आणि थोड्या वेळाने त्याच द्रोण घेऊन आल्या. मद्रासकडच्या एका बाईने भागूबाईच्या हातातून पळी घेतली, भात चांगला घोटला, त्यात मिरे आणि तूप घातलं. भागूबाईने चाखलं.

"बाई, सांगा तिला, आमच्यात असं करत नाय."

मी सांगितलं.

"आन सांगा, पन चांगलं झालंय."

मग महाराज आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार की इस्पितळाच्या मागे दुसरा भटारखाना निघाला आहे. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता चुली विझवायला लावतात. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, एक घास खाल्ला.

"नया चावल था? मांजी, बताया क्यों नहीं?"

मी भाषांतर केलं. भागूबाई म्हणाली, "इचारलं कुटं?"

याचंही भाषांतर केलं. दोघांचंही खरं होतं. महाराज मोठ्याने हसले, आणि अर्ध्या तासात एक मोठं पातेलं आणि लाकडाची गाडी पाठवून दिली. पातेल्याबरोबर निरोपही पाठवला की पाणी माईंनीच, म्हणजे भागूबाईनेच, घालावं.

संध्याकाळपर्यंत सगळी पोती रिकामी झाली. ठमीने शेवटचं पोतं उलटं करून झटकलं, दाणे वेचून पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "झालं. माजा गेला. मानसातच गेला."

लाउडस्पीकरवरून मोठमोठी भाषणं ऐकू येत होती. मी एकही पुढारी पाहिला नाही, आणि एकाही भाषणातलं एकही वाक्य मला सांगता येणार नाही. पण त्या रांगेतल्या माणसांचे चेहरे मला सांगता येतील. सिस्टर बर्नाडेटना मनातल्या मनात म्हटलं, तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत ते या दिवसासाठी, तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

पोपटशेठना तार पाठवली. भागूबाई म्हणाली, लवकर पाठवा, चुली थांबल्यात.

२२ डिसेंबर, गाडीत

निघताना मासीमा तंबूच्या दारापर्यंत आल्या. त्यांना मराठी येत नाही, भागूबाईला बंगाली येत नाही, आणि मला दम लागत असल्यामुळे मी काही भाषांतर केलं नाही. तरी त्या दोघी बराच वेळ बोलल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला स्टेशनापर्यंत गाडी दिली. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अब बस आराम." मी म्हटलं, पुढल्या अधिवेशनाला भेटूच. त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली.

भागूबाईने मला निजायला सगळा बाक दिला आहे आणि स्वतः खाली माझ्या पायाशी बसली आहे. आडवं झालं की श्वास अडकतो म्हणून मी गाठोड्याला टेकून बसले आहे. बसल्या बसल्या बाहेरचं छान दिसतं. ठमी आबूच्या डोंगराची वाट पाहते आहे.

२७ डिसेंबर, कर्जत

घर. पोपटशेठ भेटायला आले आणि तारेची गोष्ट सांगताना त्यांना हसू आवरेना. तार त्यांनी स्वतः कुंभिवलीला नेली. तार आली म्हटल्यावर कोणी वाचून घ्यायला थांबलं नाही. बायकांनी थेट गळा काढला. भिवाजी तर खाली बसला आणि म्हणाला, "गेली माजी भागू, परमुलखात गेली." शेठ ओरडून सांगत होते की भागूबाई जिवंत आहे, पण कोणाला ऐकू जाईना. शेवटी ते विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, भात खाल्ला! सगळ्यांनी खाल्ला!" मग भिवाजी म्हणाला, "मग चुली पेटवा की! बगत काय बसलाय?"

त्याच संध्याकाळी तिन्ही गावांत नवं झालं.

आज भागूबाईने माझ्यासाठी नव्याचा भात आणला. कुंभिवलीहून, फडक्यात बांधून, अजून कोमट. बोलता बोलता तिने मला भरवायलाच घेतलं. मी म्हटलं, अगं, हात आहेत मला. "असू द्या," ती म्हणाली. तीन घास मी जेवले. इतकं गोड मी कधी खाल्लं नव्हतं. उरलेला तिने माझ्यासमोर बसून खाल्ला.

४ जानेवारी १९४९

डॉक्टर आता रोज येतात. फी घेत नाहीत. पूर्वी फार अबोल होते. हल्ली गप्पा मारत बसतात. दादरहून पुतण्या, मधू, आला आहे, कोणी बोलावलं नसताना, रजा काढून. भागूबाई तर कुंभिवलीला जायचं नावच काढत नाही. भिवाजीने काल निरोप पाठवला की म्हशीने दूध चोरायला सुरुवात केली आहे. तिने उलट निरोप पाठवला, "तुमी पन चोरा." एवढी माणसं माझ्यासाठी आपली कामं सोडून बसली आहेत. मी कोणाचं एवढं काय केलं होतं?

प्रवासातून आल्यावर सामान लावताना वाटलं, घरात किती वस्तू नुसत्या पडून आहेत. कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवलेलं बरं. मधूने हे वाचावं आणि त्याप्रमाणे करावं.

माझी इंग्रजी पुस्तकं आणि शब्दकोश इथल्या मुलींच्या शाळेला. शिकवणाऱ्या बाईंना सांगावं की कपाटात ठेवू नयेत, मुलींच्या हातात द्यावीत. पानं फाटली तर चालतील.

जयपूरला घेतलेली लोकरीची शाल ठमीला. ती नको म्हणेल. तिच्या दाराशी ठेवून यावी आणि मागे वळून पाहू नये.

मधूच्या बायकोला मोत्याची नथ. तिला ती शोभते, हे मी तिला कधी सांगितलं नाही, ते मधूने सांगावं.

तांब्याचं मोठं पातेलं, जे लग्नकार्यातच निघतं, ते कुंभिवली, साजगाव आणि ठाकूरवाडीच्या बायकांचं. तिन्हींचं मिळून. कल्हई करून द्यावं. पुन्हा कधी देशाला जेवायला घालायचं ठरवलं तर त्यांना कोणाच्या कढईसाठी थांबावं लागू नये.

भागूबाईला काय द्यावं हे मला कालपासून सुचत नाही. शेवटी तिलाच विचारलं. ती माझे पाय चेपत होती. म्हणाली, "मला कायबी नको. तुमी ऱ्हावा, झालं." मी म्हटलं, अगं, मी कुठे चालले आहे? ती उठून दिवा लावायला गेली.

तेव्हा मीच ठरवते. घर मधूचं आहे, पण पुढली खोली आणि स्वयंपाकघर भागूबाई आहे तोवर तिचं. बाजाराला आली, कोर्टात काम निघालं, भिवाजीशी भांडली, केव्हाही. तिने पुढल्या खोलीत माझ्या पलंगावर निजावं. चुलीवर स्वतःचा भात स्वतः शिजवावा, नवा असो, जुना असो. पाणी किती घालायचं ते तिला कोणी सांगू नये.